उलटे तेल

अंटार्क्टिकावरच्या त्या तळावर एक रीत होती: क्रेनला आधी ऊब द्यायची, मगच कामाला जुंपायचे. यंत्रप्रमुख धुमाळांनी साताऱ्याहून आणलेल्या गोधडीत विजेच्या तारा शिवल्या होत्या. रोज ते ती क्रेनच्या सिलिंडरवर पोटच्या पोराला घालावी तशी घालत. बर्फाच्या भुयाराच्या तोंडावर शिळा कोसळून निरंजन आत अडकला, तेव्हाही त्यांनी आधी गोधडीच गाठली.

क्रेन मात्र हलेना.

शर्वरीचा जीव टांगणीला लागला. निरंजन तिचा नवरा आणि क्रेनमध्ये कालच भरलेले तेलही तिनेच शोधलेले.

"थंडीत तेल तुपावानी थिजतं, मॅडम. ऊब कमी पडली असंल," धुमाळ म्हणाले.

"काका, हे विलोमतेल आहे. गारठ्यात याचे रेणू आकसून गोळ्यांसारखे होतात, म्हणून ते पातळ होतं. तापले की पसरून एकमेकांत गुंततात आणि तेल घट्ट होतं. काढा ती गोधडी."

"मग काल का नाही बोललात?"

काल ती एवढेच म्हणाली होती, आता थंडीची काळजी नको. उबेची काळजी करा, हे सांगायचे राहिले होते. तिला स्वतःचा राग आला.

गोधडी उतरली. वाऱ्याने सिलिंडर गारठला आणि क्रेनने शिळा अलगद उचलली. निरंजन सरपटत बाहेर येऊ लागला. तो कमरेपर्यंत आला आणि शिळा पुन्हा खाली येऊ लागली. तेल आता इतके पातळ झाले होते, की दट्ट्याच्या फटीतून निसटत होते.

"काका, गोधडी घाला परत!"

"एकदा काय ते ठरवा, बाई," म्हणत धुमाळांनी तापलेली गोधडी गुंडाळली. तेल घट्ट झाले आणि शिळा निरंजनच्या पायांच्या वीतभर वर थांबली.

त्याचे ओठ निळे पडले होते. "शर्वरी, ती गोधडी दे गं," तो पुटपुटला.

तिचा हात पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला. "आधी पाय काढ," ती म्हणाली.

त्याने एक पाय सोडवला, मग दुसरा. तेव्हा कुठे तिने सिलिंडरवरची गोधडी ओढली आणि त्याला गच्च लपेटले. मागे तेल गारठत गेले आणि शिळा सावकाश खाली टेकली.