बिशपबाबांच्या खोलीतली भिंत

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल सोडून द्या. मी कोणाला पटवायला लिहीत नाहीये. घरात बोलता येत नाही, म्हणून इथे सांगतेय.

मी तेजल. बदलापूर वेस्टला, हेंद्रेपाड्यात राहते. म्हाताऱ्या पेशंटची डे ड्युटी करते.

गेल्या मार्चमध्ये अंबरनाथ पूर्वेला एका छोट्या आश्रमात ड्युटी लागली. आश्रम सिस्टर लोकांचा, म्हणजे नन्सचा. पेशंट होते बिशप झेफ, चर्चचे मोठे धर्मगुरू. वय नव्वदच्या आसपास, मूळचे अल्बानियाचे. त्यांची भाची सिस्टर लुसी बरीच वर्षं इथे आहेत. त्यांनीच शेवटच्या दिवसांसाठी मामांना आणलेलं.

आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो.

त्यांच्या देशात कम्युनिस्टांचं राज्य होतं तेव्हा देव मानणंच गुन्हा ठरवलेलं. चर्चना कुलुपं. बाबा तेव्हा तरुण फादर होते. पकडून नेलं. "देव नाही असं लिहून सही कर, लगेच सोडतो," तुरुंगवाले म्हणायचे.

बाबांनी सही केली नाही. सगळी जवानी तुरुंगात गेली. सुटल्यावर बिशप झाले.

त्यांच्या दोन बोटांना नखं नव्हती. मी कधी विचारलं नाही.

सिस्टरनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. "यांच्या खोलीत भिंतीवर काही ठोकायचं नाही. खिळासुद्धा नाही."

मला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल.

एका शुक्रवारी दुपारी बाबांचा पंखा जळला. माझा नवरा अभिजीत वायरमन आहे. सिस्टरच म्हणाल्या, त्याला बोलव. मी खाली पेज आणायला गेले होते...

वरून हातोडीचा आवाज आला.

मी धावतच वर गेले. "अरे थांब! ठोकायचं नाहीये इथे!"

"झालं गं. वायरवरची एक पट्टी सुटलेली, दोनच ठोके मारले."

आणि तेवढ्यात...

ठक... ठक.

भिंतीतून.

अभिजीत हसला. "बाजूला कोण राहतं?"

बाजूला कोणीच राहत नव्हतं. ती शेवटची खोली. भिंतीपलीकडे नुसती हवा आणि खाली पाण्याची टाकी.

त्याने खिडकीतून वाकून बघितलं. हसू गेलं.

बाबा भिंतीकडे बघत होते. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले, "किसने... जवाब दिया?"

सिस्टर आल्या. ऐकलं आणि आधी दार लावून घेतलं. मग सगळं सांगितलं.

तुरुंगात बाबांच्या शेजारच्या कोठडीतून कोणीतरी भिंत ठोकायचं. ठोक्यांची भाषा असते, प्रत्येक अक्षराचे ठोके ठरलेले. सिस्टरनाही ती बाबांनीच शिकवलेली. कित्येक वर्षं तो बाबांना धीर देत होता. बाबांबरोबर प्रार्थनासुद्धा म्हणायचा. तोंड कधी दिसलं नाही.

मग एक दिवस तो ठोकून म्हणाला, 'सही कर. देव नाही. मी बघून आलोय.'

बाबांनी त्या दिवसापासून त्याला उत्तर देणं बंद केलं.

सुटल्यानंतर ते मुद्दाम ती जागा बघायला गेले. त्या बाजूला कोठडीच नव्हती. नुसता डोंगर होता.



पुढे रोज दुपारी आवाज यायचा. हळू... घाई नसलेला. बाबांनी खाणं सोडलं. आवाज सुरू झाला की माझा हात घट्ट धरायचे. एवढी वर्षं जेल काढलेला माणूस, लहान मुलासारखा घाबरलेला.

मग एक दिवस त्यांनी इशारा केला. खाट भिंतीला लावा.

"मामा, नको," सिस्टर रडायला लागल्या.

पण त्यांनी ऐकलं नाही. आम्ही दोघींनी खाट सरकवली. बाबांनी त्याच बिननखांच्या बोटांनी ठोकायला सुरुवात केली. बराच वेळ. भिंतीवर रक्त लागलं, तरी थांबले नाहीत.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत... मी अजून देवाचाच आहे. सही तेव्हा नाही केली, आताही करणार नाही."

बाबांचा हात खाली पडला.

आम्ही वाट बघितली...

भिंत गप्प होती.

दिवेलागणीच्या आधी बाबा गेले. चेहरा एकदम शांत. सिस्टर म्हणाल्या, "जिंकले ते." मलाही तसंच वाटलं.

पण त्या भिंतीशी बाबा एकटेच बोलले नव्हते ना. पहिले दोन ठोके अभिजीतचे होते.

महिन्याभराने, अशीच दुपार. लाइट गेलेली. अभिजीत आत झोपलेला, मी भांडी घासत होते.

ठक... ठक-ठक...

आमची भिंत शेजारच्या कौसाबाईंच्या घराला लागून आहे. कौसाबाई गावाला गेलेल्या. बाहेर त्यांचं कुलूप मी स्वतः बघितलं.

आत आले तर अभिजीत डोळे मिटून पडलेला. आणि त्याचा हात... भिंतीवर. ठोकत होता. थांबायचा, ऐकायचा, परत ठोकायचा.

मी गदागदा हलवलं. "कोणाशी बोलतोयस?"

"कोण? मी? झोपलेलो ना गं."

तो खोटं बोलत नव्हता. पण बोटांची सालटी निघालेली.

सिस्टरना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला एकटं सोडू नकोस." बस, एवढंच.

अभिजीत रोज अंघोळीनंतर देवाला दिवा लावणारा माणूस. काल मी कामावरून आले तर देव्हारा रिकामा. सगळे फोटो खाली उतरवून ठेवलेले. तोंडं भिंतीकडे.

"अरे, हे काय?"

"काढले. उगाच कशाला ते," म्हणाला आणि चहा मागितला.

मी फोटो परत लावले. दिवा लावला.

त्याने अडवलं नाही.

नुसता समोर बसून बघत राहिला... दिवा विझेपर्यंत.