बाल्दुरला दिलेली हाक

या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. आजवर ज्याला ज्याला सांगितली तो तो आधी हसला, आणि निघताना पार्किंगपर्यंत सोबत मागू लागला.

पण शब्द न् शब्द खरा आहे. पदरचं चिमूटभर मीठसुद्धा घातलेलं नाही.

खोटं वाटत असेल तर या मालविकावहिनी समोरच बसल्या आहेत. शशिधरची बायको. त्या संध्याकाळी त्या तिथेच होत्या, गाडीत. शशिधर स्वतः आज आलेला नाही, बरं वाटत नाही म्हणाला. नाही आला तेच बरं. त्याच्यादेखत ही गोष्ट म्हणावी तशी खुलत नाही.

तर… दोन वर्षांपूर्वीची मार्चअखेर. शनिवारची संध्याकाळ. र्‍युसेल्सहाइमच्या खाली ऱ्हाईन नदीच्या अंगाला जे सपाट रान पसरलंय, तिथलं गव्हाचं एक शेत.

आधी शशिधर कोण, ते ऐका.

सगळा जन्म इथे जर्मनीत मोटारींचे गिअरबॉक्स जुळवण्यात गेला. झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. संकष्टीला साबुदाणा, एरवी वरणभात. आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी काय आरंभलं? शिकारी कुत्रा पाळला. हिरवा कोट शिवून घेतला. टोपीत पीस खोचलं. पीस कोंबडीचं होतं, पण ते असो.

खरं वेड कुत्र्याचं नव्हतंच. कुळाचं होतं.

स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगायला या माणसाला मिरजेला भावाकडे फोन लावावा लागतो. पण कुत्र्याच्या सात पिढ्या तोंडपाठ. पूजेला बसलेला यजमान गोत्र सांगतो ना, तशा डोळे मिटून म्हणायचा.

कुळ कुणाचं? तर बाल्दुरचं.

बाल्दुर म्हणजे सेटर जातीचा कुत्रा. पांढरा, अंगावर निळसर ठिपके, शेपटीला झालर. फील्ड ट्रायल म्हणून कुत्र्यांची परीक्षा असते इथे. मोकळ्या रानात सोडायचं, त्याने वाऱ्यावर तितराचा वास घ्यायचा आणि वास लागला की जागच्या जागी थिजायचं. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ. मालकाने जवळ जाऊन अंगाला हात लावेपर्यंत हलायचं नाही. या विद्येत बाल्दुर चॅम्पियन होता. फ्राऊ व्हीझनर म्हणून त्याची म्हातारी मालकीण आहे, तिच्या दिवाणखान्यात नवऱ्याचा फोटो छोटा आणि बाल्दुरचा मोठा.

बाल्दुर गेला. मागे राहिलं ते त्याचं थोर रक्त.

त्या रक्ताचे प्रताप सांगू? एक मुलगा फटाक्याला घाबरून पलंगाखाली शिरायचा. एक ड्युसेलडॉर्फला कुणाच्या सोफ्यावर चरबी वाढवत पडलेला. मुलगी स्वतःच्या शेपटीवर भुंकायची. आपल्याकडच्या नामवंत घराण्यांत होतं तेच. आजोबा सिंह, नातू सिंहाचा फोटो दाखवत फिरणारे.

राहता राहिला एक धड नर. बाल्दुरचा नातू. तो ट्रायल पास झाला तर त्याला पैदाशीची परवानगी मिळणार. नापास झाला, तर बाल्दुरचा वंश तिथेच बुडाला.

हा कुत्रा एकाही जर्मन शिकाऱ्याने घेतला नाही. सगळ्यांनी बघितला, पाठीवर थोपटलं आणि निघून गेले. म्हणून म्हातारीने तो शशिधरला दिला. शशिधरला मात्र वाटलं, साऱ्या जर्मनीतून आपली निवड झाली. सेटरवाल्यांच्या क्लबातल्या लोकांनी एकदा जरी आपल्याला नावाने हाक मारली तर जन्माचं सार्थक, असं तो वहिनींना म्हणायचा. हसू नका. त्या एका परीक्षेवर त्याने सगळं टांगलं होतं.

आता त्याने काय केलं पाहा.

इथे कुत्र्यांच्या नावाची रीत ठरलेली. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून. या नातवाचं कागदोपत्री नाव होतं उदो. शशिधरला ते पटेना. आपल्यात आजोबा गेले की नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, मग याला का नको?

त्याने कुत्र्याचं नाव ठेवलं बाल्दुर.

हे फ्राऊ व्हीझनरला कळलं तेव्हा म्हातारी कॉफी ओतता ओतता थांबली. म्हणाली, घरात काय हवं ते म्हणा. रानात मात्र ते नाव घेऊन हाक मारू नका, शिट्टी वाजवा. आमचा बाल्दुर कधी हाक चुकवत नसे.

शशिधरने मान डोलावली. जर्मनमध्ये ‘या, या, गेनाऊ’, हो हो, अगदी बरोबर. म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

रविवारी परीक्षा. शनिवारी शेवटचा सराव म्हणून दोघं नवराबायको कुत्र्याला घेऊन त्या शेतावर गेले. गहू घोट्याएवढा. त्यावर दहिवरासारखं पाणी. उजेड होता अजून, पण नदीकडून धुकं सरकत होतं. वहिनी थर्मास घेऊन गाडीत बसल्या. दिसेनासा झाला तर कळावं म्हणून शशिधरने कुत्र्याच्या पट्ट्याला एक घुंगरू बांधलं आणि त्याला सोडलं.

छुन्… छुन्… छुन्…

कुत्रा डावीकडे गेला, उजवीकडे वळला. छान चाललं होतं.

मग धुकं आलं. शेताची पलीकडची कड गेली. मग झाडं गेली. मग कुत्रा गेला.

घुंगरू तेवढं राहिलं.

छुन्… छुन्…

आणि थांबलं.

शशिधरने शिट्टी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. एरवी त्या रानात चंडोल ओरडून ओरडून डोकं उठवतात. तेही गप्प.

आता शहाण्या माणसाने काय करावं? गाडीकडे यावं, घोटभर चहा घ्यावा, वाट बघावी. पण उद्याची परीक्षा डोक्यात. कुळाची अब्रू. शशिधरने तोंडाभोवती हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला.

“बाल्दुर!”

धुक्यात हाक विरली.

आणि पाठीमागून… पाठीमागून, जिकडे कुत्रा गेलाच नव्हता तिकडून… ओल्या पावलांचा आवाज आला.

पळत्या पावलांचा. घुंगरू नाही. नुसता श्वास. हा… हा… हा…

शशिधरच्या गुडघ्याला काहीतरी ओलं घासून गेलं.

त्याने खाली पाहिलं. काहीच नव्हतं.

पण पुढ्यातल्या गव्हावरचं पाणी झडत होतं. पांढुरक्या हिरव्या शेतात एक काळपट रेघ आपली आपण उमटत चालली होती. डावीकडे… मग उजवीकडे… पुन्हा डावीकडे. वारा नाकावर घेत, जातिवंत सेटर धावतो तशी. त्या थोर रक्ताच्या एकाही दिवट्याला अशी रेखीव रेघ कधी जमली नव्हती.

रेघ थांबली.

एकदम. जसं कुणी तिथे थिजलं.

या विद्येतला एक नियम तुम्हाला ठाऊक हवा. कुत्रे जोडीने सोडतात. एक वास लागून थिजला की दुसऱ्याने, वास येवो न येवो, त्याच्याकडे बघत तसंच थिजायचं. पुढे जायचं नाही. पहिल्याचा मान. शशिधरचा हा फार आवडता नियम. असे संस्कार हल्ली माणसांत तरी आहेत का, असं तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. ऐकणारा बिचारा चहा पिऊन पळायचा.

तर धुकं जरा फाटलं… आणि शशिधरला आपला कुत्रा दिसला.

उभा होता. पुढचा पाय उचललेला. शेपटी ताठ. मान वळलेली, जिथे रेघ थांबली होती त्या मोकळ्या जागेकडे. तिथे कुणीही नव्हतं. नातू आजोबांचा मान राखून उभा होता.

शशिधर जवळ गेला, पट्टा ओढला. दगड. अंग गारढोण. डोळा लवत नव्हता.

सोडवायचं कसं, ते त्याला माहीत होतं. पहिल्याला हात लावायचा, की दुसरा मोकळा. म्हणजे त्या मोकळ्या जागेवर जायचं, वाकायचं आणि हवेत हात घालायचा. तिथे काही हाताला लागलं असतं तर?

एवढा कुळाचा अभिमान. पण चार पावलं पुढे टाकवेनात.

तेवढ्यात त्या रिकाम्या जागेच्या पुढून तितरांची जोडी फडफडत उठली. कुणी हुसकावल्यासारखी. शशिधरने कुत्रा तसाच ताठच्या ताठ उचलला आणि गाडीत आणून घातला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला कुत्रा गाडीतून उतरलाच नाही. परीक्षकांनी थोडा वेळ वाट बघितली, मग पुढचा कुत्रा बोलावला. वंश बुडाला. शशिधरच्या टोपीतल्या पिसाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

फ्राऊ व्हीझनर तेवढी जवळ आली. तिने सगळं ऐकून घेतलं. परीक्षेबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, “तुम्ही त्याला हात लावलात ना? मी हात लावल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही.”

हात कुठे लावला होता शशिधरने?

म्हणजे तो तिथेच आहे. त्या शेतात. अजून पाय उचलून. त्या रस्त्याने जायची वेळ आली की आपण तर बुवा हायवेने वळसा घालून जातो.

आणि पहिला सुटला नाही, तर दुसरा सुटणार कसा? आजही धुकं उतरलं की शशिधरचा तो कुत्रा बाल्कनीत जातो, नदीकडे तोंड करतो, एक पाय उचलतो आणि…

“बास झालं, दिनकरभावजी,” मालविकावहिनी म्हणाल्या. “कुत्रा आहे कुठे आमच्याकडे? त्याच आठवड्यात फ्राऊ व्हीझनरना परत दिला. आणि शेतात तो क्षणभरही उभा राहिला नाही. यांनी हाक मारली मात्र, घुंगरू वाजवत पळत आला आणि गाडीत माझ्या मांडीवर चढून थरथरत बसला. कितीतरी वेळ हे येईनात म्हणून मी बघायला गेले. पाय उचलून हे उभे होते. बाल्कनीतही हेच असतात. आणि मी हात लावला तरी हलत नाहीत.”