चिमणीचे नऊ घास

एकच 'झपाट' चॉकलेट-बार खाल्ला होता. मग रक्तातली साखर एकशे अठरावरून दोनशे चाळीसवर गेलीच कशी?

चित्रा उंबरकरला हे कोडं सोडवायचं होतं, तेही आजच्या आज. सन २०५१. शनिवारी वाशीमजवळच्या तळावरून मोठा फुगा तीस किलोमीटर वर जाणार होता. सातवीतली चार मुलं त्यात बसणार होती. चित्रा त्यातली एक. म्हणजे गुरुवारी सकाळपर्यंत होती. प्रार्थनेच्या वेळी गावंडे मॅडमनी सगळ्या शाळेसमोर तिचं नाव कापलं.

चित्राला टाइप वन मधुमेह आहे. तिचं शरीर इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींच्या आत नेणारं रसायन) बनवत नाही. ते पोटावरचा छोटा पंप देतो. किती द्यायचं, ते शाळेतला आरोग्य-रोबो धन्वा ठरवतो. त्याला रॅपर दाखवायचं, तो त्यावरची कर्बोदकं (साखर आणि पिष्ट, दोन्ही मिळून) वाचतो आणि पंपाला सांगतो. चित्राचा हिशोब सोपा. अकरा ग्रॅमला एक युनिट. बुधवारी रॅपरवर अकराच होते. पंपाने एकच युनिट दिलं. तरी दोनशे चाळीस.

मॅडमचं म्हणणं असं, की धन्वाचं गणित चुकत नाही. म्हणजे पोरीने आणखी खाल्लं आणि लपवलं. कसं खाल्लं, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. या शाळेत झपाट चिमणीच्या दातांनी वाटतात. बार रुमालात गुंडाळायचा, वरून चावून तुकडा तोडायचा, म्हणजे उष्टं होत नाही. असे घास कुणी मोजत नाही. आणि काय खाल्लं ते लपवणाऱ्या मुलीला डॉक्टर नसलेल्या जागी पाठवता येत नाही.

"मी लपवलं नाही," चित्रा म्हणाली.

मॅडमनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. प्रार्थना संपेपर्यंत एकटी उभी राहिली.

मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला, सलोनी तायडेला, घेऊन धन्वाकडे गेली. मी खोटारडी आहे असं तुलाही वाटतं का, म्हणून तिने सरळ विचारलं. धन्वा म्हणाला, मला कुणाच्या पोटात बघता येत नाही, माझ्याकडे फक्त आकडे आहेत.

"मग आकड्यांनीच बोल. एवढी साखर चढायला मी जास्तीचं किती खाल्लं असेल?"

धन्वाने हिशोब केला. साधारण बावीस ग्रॅम कर्बोदकं.

"म्हणजे चिमणीचे किती घास?"

ते धन्वाला सांगता येईना. चिमणीच्या घासाचं वजन कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग दोघींनी पोषण आहाराच्या खोलीतून वजनकाटा आणला. सलोनीने नवा झपाट रुमालात गुंडाळून चावला. तुकडा भरला सहा ग्रॅम. चित्राने रॅपर डोळ्यांजवळ धरलं. त्या अकराच्या वर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, '१८ ग्रॅममध्ये'. म्हणजे तीन घास. सलोनीने आणखी दोन तोडले. अठरा ग्रॅम संपले.

रुमालात अजून भलामोठा तुकडा होता.

"मग हा कुठला?" सलोनीने भरल्या तोंडाने विचारलं.

काट्यावर तो छत्तीस ग्रॅम भरला. अख्खा बार चोपन्न ग्रॅमचा. चिमणीचे नऊ घास! कंपनीने आकडे छापले होते ते एका सर्व्हिंगचे (कंपनीच्या मते एका वेळी खायचा भाग), आणि तो भाग होता बारचा फक्त एक तृतीयांश. अकरा त्रिक तेहतीस. चित्राच्या पोटात गेले तेहतीस, इन्सुलिन मिळालं अकराचं. फरक बावीसचा.

"पण एक तृतीयांश खाऊन बाकीचा ठेवतं कोण?" चित्राने विचारलं.

"मी तर कागदपण चाटते," सलोनी म्हणाली.

धन्वाने रॅपर पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मी आकडा वाचला. तो कितीचा आहे, ते वाचलं नाही. चूक माझी आहे."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. गणित छान आहे म्हणाल्या, पण तू एकच खाल्लास हे यातून सिद्ध होत नाही.

"मग तपासून बघा," चित्रा म्हणाली. "तुमच्यासमोर एक झपाट खाते. तेहतीस ग्रॅमचं इन्सुलिन घेते, तीन युनिट. दोन तास इथून हलणार नाही."

धन्वाने चित्राच्या डॉक्टरांना आणि आईला विचारलं. दोघींनी होकार दिला. डॉक्टर तर स्क्रीनवर येऊन बसल्याच. सुरुवातीचा आकडा एकशे वीस. चित्राने मॅडमच्या टेबलासमोर बसून नऊच्या नऊ घास सावकाश खाल्ले. मॅडम वह्या तपासत राहिल्या, चित्रा त्यांच्याकडे बघत राहिली. साखर एकशे साठपर्यंत गेली तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग ती उतरायला लागली. दोन तासांनी आकडा आला, एकशे चोवीस.

मॅडमनी फुग्याची यादी पुढे ओढली.

"लिहिते तुझं नाव."

"इथे नको, मॅडम. सगळ्यांसमोर कापलंत. सगळ्यांसमोरच लिहा."

सलोनी दारातून बघत होती. मॅडमनी यादी बाजूला सारली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"उद्या प्रार्थनेला," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांनी फळ्यावर आधी अकरा त्रिक तेहतीस मांडलं, माझं चुकलं असं म्हटलं, आणि मग नाव लिहिलं. धन्वाने ही गोष्ट राज्यातल्या सगळ्या धन्वांना कळवली होती. चित्राने कंपनीला पत्र पाठवलं, की अख्ख्या बारचा आकडा मोठ्या अक्षरांत छापा, नाहीतर आमच्या शाळेचं दुसरं पत्र येईल.

शनिवारी फुगा वर गेला. दिवसाढवळ्या आकाश काळं झालं आणि चित्राने खिडकीला नाक लावलं. तेव्हा खाली, चंद्रपूरच्या एका शाळेत, एक मुलगा रॅपर दाखवत होता. तिथला धन्वा त्याला विचारत होता, "पूर्ण वजन किती आहे रे याचं?"