उजाडंस्तवर

"तुम्ही पोरं उद्या भरतीला पळणार, म्हणून सांगतो. एरवी ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. हंबीररावानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलेली आहे." निवृत्त आकाराम मास्तरांनी पारावर बसलेल्या पोरांकडं न बघताच सुरुवात केली.

हंबीरराव वडूजच्या बाजूचा, पेन्शनीत निघालेला हवालदार. त्याच्याच गावचा जयराज त्याच्याच पलटणीत होता. नव्याण्णव सालच्या लढाईत, जुलैच्या सहा तारखेला जयराज गेला. वय बावीस. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी शाळेत हंबीररावाचं भाषण ठरलेलं. जयराजनं माझ्या मांडीवर प्राण सोडला, शेवटचं पाणी माझ्या हातचं प्याला, असं तो सांगायचा आणि बाया डोळ्याला पदर लावायच्या.

दोन हजार चोवीसला पंचवीस वर्षं भरली, म्हणून शाळेत मोठा कार्यक्रम ठरला. जयराजचा वर्दीतला मोठा फोटो त्याच्या आईकडं, बनुबाईकडं होता आणि ती कडेगावला लेकीकडं राहायला गेली होती. फोटो आणायला हंबीरराव पाच जुलैला, शुक्रवारी, संध्याकाळी मोटरसायकलवर निघाला. ज्येष्ठातली अमावस्या होती.

बनुबाईनं त्याला पोटभर जेवू घातलं. फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला. निघताना दारात म्हणाली, "हंबीर, माज्या पोराला लय तहान लागली हुती का रं?"

"मी पाजलं की, मावशी. पोटभर."

म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

परतताना मायणी मागं पडली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. चढाला गाडी बंद पडली. दिवाही गेला. किक मारून मारून घाम यायला हवा होता, तर त्याचे दात वाजायला लागले. आधी वाटलं, पावसाळी वारं असेल. पण वारं नव्हतंच. आणि ही थंडी त्याला ठाऊक होती. ती आपल्या मुलखातली नव्हती.

मग खडीवर आवाज आला. कुणीतरी सरपटत होतं. थोडं सरकायचं. थांबायचं. धाप टाकायची. पुन्हा सरकायचं.

"हंबीर..."

ही हाक त्यानं पंचवीस वर्षांपूर्वी रात्रभर ऐकली होती. जयराज वीस पावलांवर पडलेला, मांडीत गोळ्या. हंबीरराव दगडाआड. गोळीबार थांबला तरी तो हलला नव्हता. कमरेची बाटली भरलेली होती. पहाटे हाक आपोआप बंद झाली.

आता त्यानं पिशवीतली बाटली काढली. अंधारात पुढं धरली.

"घे, जया... पी."

सरपटणं थांबलं. अगदी पायाशी.

बाटली कुणी घेतली नाही.

"तुज्या हातचं नगं."

आवाजात तहान नव्हती. नुसता राग होता.

"बस हितं. उजाडंस्तवर."

त्याला पळायचं होतं. पाय हलेनात. ओरडायचं होतं. तोंड उघडेना. बाटली पडली. कुठंतरी घरंगळत गेली. पायाशी कुणीतरी श्वास घेत होतं...

रात्रभर.

पहाटे दुधाच्या टेम्पोवाल्याला तो दिसला. रस्त्याकडेच्या दगडाआड, गुडघ्यात डोकं घालून बसलेला. उभं राहता येईना. टेम्पोवाल्यानं त्याला उचलून गाडीत घातलं आणि विचारलं, घर कुठं? हंबीरराव घरी गेला नाही. फोटो उराशी धरून त्याच टेम्पोतनं त्यानं कडेगाव गाठलं आणि बनुबाईला खरं सगळं सांगून टाकलं.

म्हातारी रडली नाही. तिनं फोटो काढून घेतला.

"पंचवीस वर्सं माज्या ताटात जेवलास," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

कार्यक्रम फोटोविना झाला. भाषण झालं नाही. पुढं कधीच नाही.

मास्तरांनी आता पोरांकडं पाहिलं.

"पाय मी पाहिलेत. पायात बूट, मोजे, सगळं होतं. तरी दोन्ही पायांची बोटं कोळशासारखी काळी. साताऱ्याच्या दवाखान्यात आम्ही त्याला नेलं, तिथं जो डॉक्टर होता, तो पूर्वी फौजेत होता. त्यानं बोटं दाबून पाहिली. कागदावर लिहिलं, हिमदंश. मग चष्मा काढून आम्हालाच विचारलं..."

"काय?"

"याला बर्फातून खाली आणायला इतका उशीर का केलात?"