तलावामागची दाट वस्ती

आशालता शिवलेलं पोलकं पोचवायला गल्लीत वळली, आणि मोजणीचा टेप ओढत उलट्या पावलांनी येणारा एक तरुण थेट तिच्यावर आदळला. तेवढ्यात माघातली भुरभुर सुरू झाली नि दोघं एकाच वळचणीखाली अडकले. गल्ली इतकी अरुंद, की त्याच्या ओल्या सदऱ्याचा वास तिला येत होता.

तो नीळकंठ, नगरपालिकेचा नवा ओव्हरसिअर. अडुसष्ट सालच्या नव्या नकाशात तलावामागची ही टोली, म्हणजे ही सारी वस्ती, विरळ वस्तीत टाकली आहे, असं त्याने चाचरत सांगितलं. दोन घरांत दहा फूट जागा सुटायला हवी, नाहीतर सुनावणीनंतर मधली घरं पडणार.

"दहा फूट?" तिने तिरकं पाहिलं. "मंग आता तुमी कुठं उभे राह्यले असते?"

"पावसात..." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग तो येतच राहिला. एकच भिंत त्याला पुन्हापुन्हा मोजावी लागे. आशालता शिवणमशीन थांबवून चहा देई आणि चिडवी – टेप आखूड आहे, की नजर भलतीकडे? पण पडणाऱ्या घरांत तिचंही घर होतं. राईस मिलमध्ये पोती वाहून तिच्या वडिलांनी, भोजराजने, ते उभं केलं होतं. एक दिवस हसणं बाजूला ठेवून तिने विचारलं, "सुनावणीत तुमी काय सांगान?"

त्याने नजर कपात घातली. तिने त्याच्या हातातला अर्धा कप उचलून नेला.

सुनावणीला सारी टोली लोटली. इतक्या दाटीत माणसं राहूच शकत नाहीत, असं नगरपालिकेचे मोठे साहेब म्हणाले. आशालता उठली.

"आमी राहून राह्यलो ना, साहेब. मायचा दमा उसळला तं शेजारणीनं भिंतीपल्याडून ऐकलं, म्हणून माय वाचली. दहा फुटांवरून कोणाले ऐकू आलं असतं?"

साहेबांनी नीळकंठकडे पाहिलं. तो उभा राहिला. नकाशाच चुकला आहे, म्हणाला. इथे नळ द्या, नाल्या द्या, भिंतींना हात लावू नका.

बरीच वादावादी झाली, पण टोलीची नोंद दाट वस्तीत झाली. घरं वाचली. नीळकंठची मात्र दूर जंगलाकडच्या बैहरला बदली झाली. सिव्हिल लाइनमधल्या घरच्या बंगल्यात त्याचे वडील त्याला म्हणाले, त्या दाटीतल्या मुलीचा नाद सोड, बदली रद्द करवून आणतो. त्याने मुकाट्याने ट्रंक उचलली.

भरदुपारी बसस्टँडवर आशालता आली, बापाला सोबत घेऊन. लोक वळून पाहू लागले. तिने मान खाली घातली नाही.

"काहून सांगितलं नाही, जाऊन राह्यलो म्हणून?"

"तुला देणार तरी काय होतो? जंगलाच्या कडेला सरकारी क्वार्टर... आवार मोठं, पण आसपास कोणी नाही. आणि आमच्या घरचे –"

"घरच्यांशी मी बोलीन. पण त्या क्वार्टरमंदी मी नाही येत. गावात खोली पाहा. एकच असली तरी चालते. मले शेजार पाह्यजे."

तो बघतच राहिला. "म्हणजे... तू येणार?"

"हौ."

भोजराज खाकरला आणि बसवरची पाटी वाचू लागला. नीळकंठने बसमध्ये चढून खिडकीतून हात बाहेर काढला. आशालताने तो साऱ्या स्टँडदेखत धरला, आणि बस हलेपर्यंत सोडला नाही.