रुपीबाईच्या ओढणीतलं पदक

सासऱ्यांच्या कागदांचं काम मी हातात घेतलं तेव्हा ते अगदी साधं वाटलं होतं. एक अर्ज, दोन झेरॉक्स, आणि फुलसावंगीच्या पोस्टातून स्पीड पोस्ट. आमच्या बंजारा तांड्यात माझ्या वयाच्या सुनांमध्ये बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच, त्यामुळे कुणाचाही फॉर्म फिरून फिरून माझ्याच ओट्यावर येतो. हा तर घरचा होता.

माझे सासरे डोंगरसिंग राठोड फौजेत ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना बापू म्हणतो. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या गुडघ्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. पाय कायमचा आखडला आणि नोकरी सुटली. लढाईत जखमी झालेल्या जवानाला पदक मिळतं, तसं त्यांनाही मिळालं होतं. पण त्यांच्या डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नव्हती.

इतकी वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. यंदा मात्र शाळेसमोर माजी सैनिकांचा फलक लागणार होता. नावापुढे पदकं लिहायची, पण बुकात असतील तेवढीच. बापूंच्या नावापुढे जखमेचं पदक येणार नव्हतं.

चहाच्या टपरीवर बापूंच्याच वयाच्या खेमसिंगकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काहून रे डोंगरसिंग, दारू पिऊन ट्रकवरून पडलेल्यालेही पदक देतेत काय? मंग माह्या लंगड्या बैलासाठी एक मांगून आण."

सगळे हसले. बापूही हसले. घरी आल्यावर मात्र पाणी न पिता खाटेवर बसून राहिले.

"बबिता," ते म्हणाले, "मी गेल्यावर हे लोक पोराइले हेच सांगतीन. ट्रकवरून पडला म्हणून."

त्यांचं हृदय थकलं होतं. जिना चढू नका, जास्त बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्याच दिवशी रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. ते ऑफिस परराज्यात, रेल्वेनं दोन रात्रींच्या अंतरावर. महिन्याभरानं उत्तर आलं. पत्राची भाषा चांगली होती. मूळ पदक प्रत्यक्ष दाखवावं, त्याच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते तपासून नोंद करता येईल, असं लिहिलं होतं.

"पदक कुठं आहे, बापू?"

"याडीसंगं गेलं."

याडी म्हणजे आई. त्यांची आई रुपीबाई. मी या घरात आले त्याच्या सात-आठ वर्षं आधीच ती वारली होती. पदकाचं पार्सल तांड्यात आलं तेव्हा बापू नागपूरला चौकीदारी करत होते. पोस्टमननं ते रुपीबाईच्या हातात दिलं. तिला अक्षर कळत नव्हतं, पण चांदीसारखी चकाकी कळत होती. आमच्या जुन्या बायका ओढणीला आरसे आणि चांदीचे रुपये शिवायच्या. लेकानं पाठवलेली चांदी म्हणून तिनं पदक ओढणीच्या मधोमध शिवून टाकलं. सोबतचा कागद, जो सही करून परत पाठवायचा होता, तो चुलीत गेला, म्हणून बुकात नोंद राहून गेली.

"मांगून नाही घेतलं काय तुमी?"

"होळीले आलतो ना. याडी नाचून राह्यली, अन् मधात तेच चमकून राह्यलं. कसं मांगू?" ते जरासे हसले. "मले नेसान तं याच ओढणीत न्या, म्हणे. तसंच नेलं. नाल्याच्या काठावर… माह्याच हातानं आग देली."

म्हणजे पदक चितेच्या राखेत गेलं होतं. आता ते जळाल्याचं प्रतिज्ञापत्र लिहायचं, एवढाच मार्ग उरला. त्यानं काही होईल असं मला वाटत नव्हतं.

ते लिहायला मी बसले तो मंगळवार होता. मे महिन्यातली दुपार. माझा नवरा प्रेम ट्रॅक्टर घेऊन उमरखेडला गेला होता. उन्हाच्या झळा आत येऊ नयेत म्हणून मी दार-खिडक्या लावून घेतल्या. तेवढ्यात लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला. बापू खाटेवर झोपले होते आणि मी खाली चटईवर, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेत कागद धरून बसले होते. वर टिनाचं छत उन्हानं कडकड वाजत होतं. एकदा ते वाजायचं थांबलं, आणि बाहेरची चिमणीही गप्प झाली.

आधी वास आला. जळलेल्या सुताचा, त्यात तिळाच्या तेलाचा. चुलीवर काही राहिलं की काय म्हणून मी वळून पाहिलं. चूल सकाळीच विझवली होती.

मग समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके दिसले. लहान, गोल, वीस-पंचवीस. ते हलत होते. कुणी आरसे लावलेलं कापड अंगावर घेऊन उन्हातून चालावं, तसे. पण खोलीत ऊन नव्हतं. ठिपके भिंतीवरून सरकत बापूंच्या खाटेपाशी आले आणि खाली बसल्यासारखे उतरले. सोबत बारीक आवाज… छन्न… छन्न…

मला उठता येईना. बापूंच्या झोपेला काही धक्का लागू नये, एवढंच मनात येत होतं.

"काय लिहून राह्यली?"

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. बोली आमचीच, गोरबोली, पण आता कुणी बोलत नाही अशा जुन्या वळणाची; इथं ती मी रोजच्या बोलीत लिहिते. मी पदर डोक्यावर ओढला. सासूची सासू ती.

"बापूचं… नाव लिहून राह्यले, आजी."

"त्याच्या पायाचं?"

"हो."

"कागद काय म्हणते?"

"कागद म्हणते… पदक आणून दाखवा. तुमच्या ओढणीतलं. त्याच्यावर त्याइचं नाव आहे."

ठिपके भिंतीवर थरथरत होते. मग ती इतक्या हळू बोलली की मी श्वास रोखून ऐकलं.

"त्याचं नाव होतं त्याच्यावर?"

"हो, आजी."

"मले वाटलं… नुसती चांदी."

मला रडू फुटलं. भीती होतीच, पण रडू तिच्यासाठी होतं.

"कुठं दाखवा लागते?"

मी गावाचं नाव सांगितलं. "लई दूर आहे. दोन राती लागतेत रेल्वेनं."

"दाखवल्यावर वापस देतेत?"

देतात की नाही मला माहीत नव्हतं. पण ते विचारताना तिचा आवाज असा काही झाला होता की मी म्हणाले, "देतेत."

कट्… दातांनी दोरा तोडल्याचा आवाज आला. अगदी जवळून. मग पुन्हा एकदा, कट्.

लाईट आली आणि पंखा फिरू लागला. घड्याळात दोन वाजले होते. भिंत कोरी होती. बापूंनी डोळे उघडले.

"कोण आलतं?"

"कोणी नाही, बापू."

"याडी आल्यासारखी वाटली," ते शांतपणे म्हणाले. "गुडघ्यावर हात ठेवून गेली."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी प्रतिज्ञापत्र पोस्टात टाकलं. झालेलं प्रेमला सांगितलं. तो म्हणाला, "ऊन लागलं तुले. कांद्याचा रस पी." मीही तेच खरं मानायचं ठरवलं.

जुलैच्या सुरुवातीला पाकीट आलं. दुरुस्त नोंदीचा कागद होता. नाव, नंबर, आणि पुढे जखमेचं पदक. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की एका वृद्ध महिलेने मूळ पदक समक्ष दाखवलं, कडेवरचा नंबर तपासून नोंद केली, पदक तिला परत दिलं, पोचपावतीची प्रत जोडली आहे. तारीख त्याच मंगळवारची. वेळ दुपारी सव्वादोन.

पोचपावतीच्या झेरॉक्सवर सहीच्या जागी अंगठा होता.

प्रेमनं पत्रावरच्या नंबरला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तिकडचे गृहस्थ हिंदीत बोलले, फार सौजन्यानं. हो, आजी एकट्याच आल्या होत्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. पदक हातात घेतलं तर चटका बसला. इतक्या उन्हातून आल्या, म्हणून पाणी मागवलं. पाणी आलं तोवर त्या गेल्या होत्या.

"पोचल्या ना नीट घरी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. जी बाई जन्मात फुलसावंगीच्या बाजारापलीकडे गेली नव्हती, तिच्याबद्दल.

खेमसिंगकाकांनी ओट्यावर उभं राहून तो कागद दोनदा वाचला. मग काठी उचलून बापूंच्या हातात दिली. "चाल, डोंगरसिंग. आज चहा माह्याकडून." टपरीवर त्यांनीच सगळ्यांना नोंद वाचून दाखवली. फलक रंगवणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी बापूंच्या नावापुढे एक ओळ वाढवली.

टपरीवरून आल्यावर बापूंनी ती पोचपावती मागून घेतली. कागद छातीवर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि झोपी गेले. पहिल्यांदाच मी त्यांना पाय पोटाशी घेऊन झोपलेलं पाहिलं. तो गुडघा कधी वाकत नसे.

तिन्हीसांजेला मी त्यांच्या हाताखालून कागद हळूच काढला. पांढऱ्या बनियनवर, डाव्या बाजूला, जिथं जवान पदक लावतात तिथं, काजळी उमटली होती. मी ते बनियन तीनदा धुतलं. चौथ्यांदा बापू म्हणाले, राहू दे.

कागदावर ठसा एका अंगठ्याचा होता. बनियनवर पाचही बोटं आहेत.