दाढेतली वस्ती

आक्काताई चौगुल्यांच्या दाढेनं सकाळीच चुगली केली, आणि तीही नातसुनेकडे.

"आजी, तुमच्या दाढेचा निरोप आलाय," सुनीती फोन बघत म्हणाली. "लाल खूण आहे. जंतू चिकटलेत म्हणे."

"दाढ माझी, तोंड माझं, आणि निरोप तुला? मला इचारून तरी धाडायचा!" आमटीच्या पातेल्यातला डाव आपटत आक्काताई कडाडल्या.

उद्या पणतीचं उष्टावण होतं. चौगुल्यांच्या घरात सगळ्यांत थोरल्या बाईनं पहिला घास आपल्या तोंडात मऊ करून लेकराला भरवायचा, अशी रीत. सासू गेल्यापासून हा मान आक्काताईंनी दुसऱ्या कुणाला शिवू दिला नव्हता. आणि आता फोनमधला एक ठिपका त्याला आडवा येत होता.

जयसिंगपुरात हल्ली दातात साधं सिमेंट कुणी भरतच नसे. नवं आलं होतं ते काचेसारखं गुळगुळीत, आणि त्याच्या पोटात खसखशीहून बारीक संवेदक पेरलेले. पाठीवर कोण येऊन बसलं ते त्यांना कळायचं. लोक त्याला 'जागं सिमेंट' म्हणत. आक्काताईंच्या दाढेतही तेच भरलं होतं, आणि त्याचे निरोप जायचे सुनीतीच्या फोनवर.

"डॉक्टरीणबाई, तुमचा माल खोटा निघाला," दवाखान्यात खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच आक्काताईंनी सुनावलं.

"बघूया की. आ करा," डॉक्टर अलमास मुजावर हसून म्हणाल्या, आणि पेनाएवढा कॅमेरा त्यांनी दाढेवर धरला.

समोरची भिंत उजळली.

भिंतीवर एक ओलसर माळ पसरला होता. त्यावर गोल गोल मण्यांसारखे जीव रांगा धरून बसले होते. त्यांच्या मधून आखूड, काळपट कांडकी दाटीवाटीनं घुसत होती. प्रत्येकाच्या अंगावर बारीक केस, आणि ते केस हलत होते, चाचपत होते, मिळेल त्याला धरत होते.

"ही काळपट कांडकी म्हणजे हिरड्या पोखरणारे जंतू," डॉक्टर म्हणाल्या. "पण पहिला मुक्काम यांचा नसतो. आधी लाळेचा पापुद्रा बसतो, त्यावर ते गरीब मणी. मग हे येतात आणि केसांनी त्यांना धरून राहतात. गुळगुळीत जागेवर फारसं कुणी टिकत नाही. पण इथं बघा, चर पडलेत. चरात बसलं की जीभही पोचत नाही."

चर सगळे एकाच बाजूला वळलेले, उसाच्या सऱ्या पाडाव्यात तसे. डॉक्टरांनी आपली तर्जनी हवेत फिरवून पाहिली. तेच वळण.

"आजी! तंबाखूची मिश्री! बोटानं घासता ती!" सुनीती ओरडली.

"मग? एवढी चकाकती दाढ, तिला काय मळू द्यायची?" आक्काताई उसळल्या. "इतर दातांपरीस चार बोटं जास्तच घासत हुते."

"तुम्ही घासत होता, आणि त्यांना घरं खणून मिळत होती," डॉक्टर म्हणाल्या.

भिंतीवरून नजर न काढता आक्काताईंनी विचारलं, "पर ही आली कुठनं?"

"सिमेंट त्यांची वंशखूणही वाचतं. तुमच्या लेकीनंही इथंच दाढ भरून घेतली, तेव्हा तिनं तुमच्याशी जुळवून बघायला सांगितलं होतं. तिच्या दाढेतही हेच घराणं आहे. बहुधा लहानपणी मऊ करून भरवलेल्या रोजच्या घासांतून गेलं असावं, तुमच्याकडून. आणि तुम्हाला तुमच्या आईकडून."

"म्हंजे ही माझ्या आयच्या तोंडातली हाईत?"

"तिच्या तोंडातल्यांची पिलावळ. तिच्या आईकडे, तिच्याही आईकडे... किती मागं जाईल, कुणाला ठाऊक?"

आईचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. चेहरा केव्हाच पुसट झाला होता. आणि इथं तिचं काहीतरी जिवंत, वळवळत, एकमेकांना घट्ट धरून बसलं होतं. आक्काताईंनी नकळत पदर डोक्यावर ओढून घेतला.

"चर बुजवून पुन्हा गुळगुळीत करते, नाहीतर हिरडी जाईल," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "मिश्री बंद. आणि आक्काताई, सुनीती सांगत होती तो उद्याचा घास..."

"कळलं. तोंडात न घालता देईन. मान माझा हाय, त्यांचा न्हवं."

यंत्र गुणगुणलं. भिंतीवरची वस्ती बघता बघता वाहून गेली. हिरडीच्या कडेला, सावलीत, थोडी तेवढी तगून राहिली.

दुसऱ्या दिवशी भरल्या घरात आक्काताईंनी चांदीच्या चमच्यानं पणतीला खीर भरवली. पोरीनं मिटक्या मारल्या, सगळे हसले. तेवढ्यात तिनं आपला इवला हात सरळ पणजीच्या तोंडात घातला, नव्यानं गुळगुळीत केलेल्या दाढेवरून घसरवत हिरडीवर टेकवला आणि ओलं बोट आपल्या तोंडाकडे नेलं.

आक्काताईंनी वरच्यावर मनगट धरलं.

पोरगी ओढू लागली. एवढ्याशा जिवात एवढं बळ! बोटाचं टोक उजेडात चमकत होतं. आईपासून लेकीकडे, न जाणो किती तोंडांतून चालत आलेली ही वाट आजवर कुणी अडवली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी रोग दाखवला होता, आणि तो खरा होता. पण त्या बोटावर रोगाखेरीज आई, आईची आई, आणखी कोण कोण बसलं होतं? आणि आज हा हात अडवला, तर ते सारं या पोरीपर्यंत पुन्हा कधी पोचणार होतं?